शेळ्यांचा खुराक घरी मिसळताना

गावात कोणी नव्याने चार शेळ्या दावणीला बांधल्या की महिनाभरात एक प्रश्न माझ्याकडे येतोच : "वहिनी, खुराकात मका किती आणि ढेप किती घालायची?" या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. शेळीने काल दिवसभर काय खाल्ले, हे मी आधी विचारते. कारण खुराक, म्हणजे भरडलेले धान्य, पेंड, कोंडा यांचे मिश्रण, हा शेळीचा सगळा आहार नव्हे. चाऱ्यातून जे पोटात गेले नाही ते भरून काढण्यासाठी खुराक असतो, आणि उणीव किती आहे हेच माहीत नसेल तर ती भरून काढणार तरी कशी?

तुळजापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर गेली सात वर्षे आम्ही उस्मानाबादी शेळ्या पाळतो आहोत आणि आज लहानमोठी मिळून २२ जनावरे गोठ्यात आहेत. सुरुवातीची दोन वर्षे आम्ही गोळी पेंड विकत आणत होतो. ती वाईट होती असे मी म्हणणार नाही, परंतु पोत्यात नेमके काय आहे हे कळत नव्हते, आणि जे कळत नाही ते चाऱ्याप्रमाणे कमीजास्तही करता येत नाही. दुसरीकडे खुराकाला लागणारे बहुतेक जिन्नस आमच्या अवतीभवतीच होते. मका स्वतःच्या रानात पिकत होता, लातूरच्या डाळ गिरण्यांमधून निघणारी तुरीची चुणी (डाळीचे बारीक तुकडे आणि सालपट) तालुक्याच्या बाजारात सहज मिळत होती, आणि सोयाबीनची तेल काढून उरलेली पेंड, जिला सगळे डीओसी म्हणतात, तीही जवळच मिळत होती. असे असताना बाहेरून तयार पोते आणत राहण्यात मला अर्थ दिसेना.

हिशोबाची सुरुवात शेळीच्या वजनापासून होते. ३० किलो वजनाच्या शेळीला दिवसाकाठी वजनाच्या साधारण ४ टक्के, म्हणजे १ किलो २०० ग्रॅमच्या आसपास शुष्क पदार्थ लागतो. चाऱ्यातले पाणी वजा केल्यावर जे उरते तो शुष्क पदार्थ. ३ किलो हिरवा चारा दिला तर त्यातले पाऊण भागाहून थोडे जास्त पाणीच असते, त्यामुळे हाती सुमारे ७०० ग्रॅम लागतात. ४०० ग्रॅम तुरीच्या किंवा सोयाबीनच्या भुसकटातून साडेतीनशेच्या पुढे मिळतात. उरलेले दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम २०० ग्रॅम खुराकातून भागतात. हा हिशोब कागदावर एकदा मांडला म्हणजे खुराकाची जागा किती लहान आहे हे लक्षात येते, आणि टोपले भरून भरडा घातला की शेळी लवकर भरते, हा समजही गळून पडतो.

मात्र हा लहान भाग कसा असावा हे उरलेल्या मोठ्या भागावर ठरते. सुबाभूळ, शेवरी, हादगा, दशरथ घास यांचा पाला प्रथिनांनी भरलेला असतो, तर ज्वारीच्या कडब्यात प्रथिने जेमतेम चार-पाच टक्के भरतात. एकूण आहारातील प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की शेळीच्या पोटातले सूक्ष्मजीव उपाशी राहतात आणि मग समोर ढीगभर कडबा असला तरी तो नीट पचत नाही. एप्रिल-मे महिन्यांत जनावर दिवसभर खाते आणि तरीही पाठीचा कणा वर येत जातो, त्याचे एक मोठे कारण हेच असते. म्हणून उन्हाळ्याचा खुराक आणि श्रावणातला खुराक एकच असू शकत नाही.

आमचा नेहमीचा, म्हणजे मध्यम चाऱ्याच्या दिवसांतला, १०० किलोचा खुराक असा असतो : मक्याचा भरडा ४५ किलो, तुरीची चुणी २० किलो, सोयाबीन डीओसी १५ किलो, गव्हाचा कोंडा १५ किलो, खनिज मिश्रण २ किलो, चुनखडीची भुकटी २ किलो आणि मीठ १ किलो. मक्यात ९ टक्के, चुणीत १६, डीओसीत ४५ आणि कोंड्यात १५ टक्के प्रथिने धरली तर एकूण सव्वासोळा टक्के प्रथिने होतात. दुभत्या आणि वाढत्या जनावरांना चाऱ्याच्या जोडीने एवढे पुरते. मका नसेल त्या वर्षी आम्ही ज्वारी वापरतो. चुनखडीची भुकटी बाजारात कॅल्साइट पावडर या नावाने मिळते. पानाला लावायचा चुना तिच्याऐवजी कदापि वापरू नये. युरिया मी घालत नाही. कच्चे सोयाबीन आणि युरिया एकत्र आले की सोयाबीनमधील विकरामुळे (एन्झाइममुळे) अमोनिया फार वेगाने सुटतो आणि जनावर दगावू शकते. घरच्या मिसळणीत, जिथे एखादे घमेले चुकून दोनदा पडू शकते, तिथे हा धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही.

चुणी घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. तिच्यात डाळीचे बारीक तुकडे किती आणि नुसते सालपट किती हे प्रत्येक गिरणीत बदलते, आणि त्याबरोबर वरचा प्रथिनांचा हिशोबही बदलतो. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, बाजारातच दोन मुठी चुणी सुपात घेऊन पाखडतात. सालपट पुढे उडते आणि पिवळी कणी सुपाच्या मागच्या कडेला गोळा होते. ती कणी निम्म्याहून कमी दिसली तर त्या पोत्याला हात लावत नाहीत. प्रयोगशाळेतला अहवाल याहून नेमका असेल, परंतु पोते घ्यायचे की नाही हे दुकानाच्या दारात उभे राहूनच ठरवायचे असते.

मका गिरणीतून भरडूनच आणावा, त्याचे पीठ करू नये. एका दाण्याचे चार-पाच तुकडे झाले की पुरे. पीठ पोटात पडताच झपाट्याने आंबते, आम्ल वाढते, शेळी रवंथ थांबवते, दात करकर वाजवते, पोट फुगवून कोपऱ्यात उभी राहते. शिवाय पिठाची धूळ नाकात गेल्याने ती फुरफुरते आणि अर्धा खुराक गव्हाणीतच टाकून देते. याच कारणाने उपाशी पोटी खुराक कधीही देऊ नये; सकाळी आधी वाळलेला चारा आणि त्यानंतर खुराक, तोही दोन वेळांत विभागून, हा क्रम आमच्याकडे कोणीही मोडत नाही. खुराकातला एखादा जिन्नस बदलायचा झाला तरी दहा-बारा दिवस जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत न्यावे लागते.

प्रत्यक्ष मिसळणी आम्ही अकरा-बारा दिवसांनी एकदा, ५० किलोची करतो. ओसरीवर ताडपत्री अंथरतो, तिच्यावर आधी मका, मग चुणी, मग डीओसी असे थर देतो. खनिज मिश्रण, चुनखडी आणि मीठ मात्र थेट ढिगावर टाकत नाही. हे तिन्ही मिळून अवघे अडीच किलो असतात आणि ५० किलोंच्या ढिगात ते सारखे पसरणे कठीण असते, म्हणून आधी घमेल्यात तीन किलो कोंड्याबरोबर ते हाताने चोळून एकजीव करायचे, मग ते उरलेल्या कोंड्यात मिसळायचे आणि मग सगळ्या ढिगावर शिंपडायचे. त्यानंतर फावड्याने ढीग या बाजूचा त्या बाजूला चार वेळा पालथा घालायचा. शेवटी मी चार ठिकाणची मूठ उचलून उन्हात धरून बघते. एका मुठीत पांढरी रेघ दिसली आणि दुसरीत दिसली नाही, तर पाचव्यांदा फावडे चालवायचे. हे काम कंटाळवाणे आहे, पण ज्या शेळीच्या वाट्याला मिठाचा गोळा येतो आणि जिच्या वाट्याला खनिजच येत नाही, त्या दोघींचेही नुकसान होते. आणखी एक गोष्ट : एकाच गोठ्यात मेंढ्या असतील तर खनिज मिश्रण घेताना त्यातील तांब्याचे प्रमाण पाहावे. शेळीला तांबे लागते, मेंढीला मात्र ते थोडे जास्त झाले तरी विषासारखे बाधते.

चुनखडी आमच्या यादीत पहिल्यापासून नव्हती. ती एका बोकडाच्या जिवावर आली. तिसऱ्या वर्षी बकरी ईदसाठी आम्ही एक बोकड वाढवला होता. लहानपणीच खच्ची केलेला, काळाभोर, हाक मारली की कुंपणाशी धावत येणारा. त्या हिवाळ्यात मका महाग झाला होता आणि कोंडा स्वस्त होता, म्हणून मी खुराकातला कोंडा वाढवत वाढवत ४० टक्क्यांवर नेला. प्रथिनांचा हिशोब बरोबर जुळत होता, त्यामुळे काही चुकते आहे असे मला वाटलेच नाही. जानेवारीतल्या एका सकाळी तो मागचे पाय लांब ताणून उभा होता, शेपटी सारखी हलवत कण्हत होता, आणि बराच वेळ जोर करूनही त्याला लघवीचे चार थेंब होत होते. मी त्याला पोटदुखी समजून ओवा आणि गूळ दिला, आणि त्यात अर्धा दिवस गेला.

पशुवैद्यक आले तेव्हा त्यांनी पाहताक्षणी मुतखडा ओळखला. नराच्या मूत्रमार्गाच्या टोकाला धाग्यासारखा एक बारीक भाग असतो, खडा बहुधा तिथेच अडकतो. तो भाग कापल्यावर लघवी मोकळी झाली आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला. परंतु तीन आठवड्यांनी खडा पुन्हा, या वेळी वरच्या बाजूला अडकला आणि बोकड गेला. डॉक्टरांनी खुराकाचा कागद मागून घेतला होता. गव्हाच्या कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) जवळपास १ टक्का असते आणि कॅल्शियम त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे. आहारात मात्र कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट असावे लागते. हे प्रमाण उलटे झाले की जादा स्फुरद लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि तिथे त्याचे खडे बनतात. लहान वयात खच्ची केलेल्या बोकडाचा मूत्रमार्ग अरुंद राहतो, आणि थंडीत जनावर पाणी कमी पिते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. तेव्हापासून कोंडा १५ टक्क्यांच्या वर जात नाही, चुनखडी चुकत नाही, थंडीत सकाळचे पाणी कोमट करून ठेवतो, आणि वाढीच्या बोकडांच्या खुराकात डॉक्टरांच्या सांगण्यावरून खडे होऊ नयेत म्हणून १ टक्का अमोनियम क्लोराईड वेगळे मिसळतो. ज्यांच्याकडे नर जनावरे आहेत त्यांनी माझा बाकीचा लेख विसरला तरी चालेल, एवढा भाग लक्षात ठेवावा.

गाभण शेळीचे गणित निराळे असते. पाच महिन्यांच्या गाभणकाळातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत पिल्लांची बहुतांश वाढ होते, आणि नेमक्या याच वेळी पोटातली जागा पिल्लांनी व्यापल्यामुळे तिला चारा कमी जातो. उस्मानाबादी शेळी बहुधा जुळी देते, म्हणून या काळात आम्ही खुराक हळूहळू ३०० ते ४०० ग्रॅमपर्यंत नेतो. करडांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून बारीक भरडा आईला पोहोचता येणार नाही अशा कप्प्यात ठेवतो.

पावसाळ्यात खरी चिंता बुरशीची. पूर्वी आम्ही पावसाळ्यातही शेंगदाण्याची ढेप वापरत असू, आणि ती शेळ्यांना फार आवडते. पण ओल लागली की तिच्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते, जे यकृतावर घाव घालते आणि उन्हात वाळवल्याने किंवा शिजवल्याने जात नाही. डोळ्याला बुरशी दिसत नसली तरी विष असू शकते. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही शेंगदाणा ढेप आणतच नाही. पोती भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळ्यांवर ठेवतो. कोंदट वास आलेले किंवा गोळे धरलेले पोते स्वस्तात मिळते म्हणून कोंबड्यांनाही घालू नये. ते खतात जावे. याच दिवसांत कोवळे गवत आणि जास्तीचा भरडा एकत्र आले की आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा आजार) होतो, त्याची लस पाऊस पडण्याआधी टोचलेली असावी.

खुराक लागू पडतो आहे की नाही हे शेळीच सांगते. मी रोज सकाळी झाडताना लेंड्या बघते : सुट्या, टणक, चकचकीत असल्या तर सगळे ठीक, एकमेकींना चिकटून गोळा झाल्या तर खुराक जास्त होतो आहे किंवा पचत नाही. महिन्यातून एकदा करडांना झोळीत घालून ताणकाट्यावर तोलतो आणि मोठ्या शेळ्यांच्या कमरेवर हात ठेवून हाडे किती लागतात ते पाहतो. वहीत तारीख, वजन आणि त्या पंधरवड्याचा चारा लिहिलेला असतो.

या आठवड्यात दोन चांगले पाऊस झाले आणि बांधावरची सुबाभूळ फुटून आली आहे. सुबाभळीत मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असल्यामुळे एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त ती घालत नाही, पण तेवढ्या पाल्यातूनही प्रथिने भरपूर मिळतील. म्हणून रविवारच्या मिसळणीत डीओसी १५ टक्क्यांवरून १२ वर आणणार आहे आणि तेवढा मका वाढवणार आहे; खुराकातील प्रथिने १५ टक्क्यांच्या आसपास राहतील. चिठ्ठी लिहून घमेल्यात ठेवली आहे, मका भरडायला उद्या सकाळी गिरणीवर जाईल.