नीलची ओहोटी: खंड्या आणि विषारी शंख

अंदमानला जाणारी आपली बहुतेक मंडळी सेल्युलर जेल बघतात, हॅवलॉकला पोहतात आणि नील बेटाला जेमतेम अर्धा दिवस देतात. माझं ऐका, तिथे मुक्काम करा आणि लक्ष्मणपूरजवळचा नैसर्गिक खडकपूल भर ओहोटीलाच गाठा. भरतीला तिथलं सगळं जग पाण्याखाली जातं.

खडकालगतच्या सुक्या फांदीवर पांढऱ्या गळपट्ट्याचा खंड्या बसला होता. पाठ निळी-हिरवी, पोट पांढरंशुभ्र. आपल्या ओढ्याकाठचा छोटा खंड्या सूर मारून मासे धरतो. याची भिस्त मुख्यतः खेकड्यांवर. बघता बघता खाली झेपावला, डबक्याच्या काठचा खेकडा उचलला आणि फांदीवर आपटायला लागला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नांग्या गळून पडल्या तसा उरलेला अख्खा गिळला.

"दीदी, इसको हाथ मत लगाना," आमचा वाटाड्या म्हणाला. काठीचं टोक एका कपारीकडे होतं. तिथे टेक्स्टाइल कोन जातीचा शंख, म्हणजे एक विषारी समुद्री गोगलगाय, पडला होता. सोनेरी-तपकिरी अंगावर पांढऱ्या त्रिकोणांची जाळी, कुणी टाके मोजून भरतकाम केल्यासारखी. कोणालाही उचलावासा वाटेल, आणि धोका तिथेच आहे. याच्या दंशावर प्रतिविष नाही.

त्याच्या भाईबंदांत मासे मारणारे पुष्कळ, पण हा खातो दुसऱ्या गोगलगाया. खंड्याचा सगळा खेळ नजरेचा. हा रात्री निघतो, मऊ नळीतून पाणी आत घेऊन भक्ष्याचा वास काढतो. मग सोंड लांबवून भाल्यासारखा पोकळ दात खुपसतो आणि त्यातून विष सोडतो. एक दात एकदाच वापरायचा. पुढचे आतल्या पिशवीत तयार असतात.

मला सगळ्यात थक्क केलं ते पुढच्या गोष्टीने. खंड्याला कवच फोडावं लागतं. हा विषाने भक्ष्याचे स्नायू असे लुळे करतो की गोगलगाय तिच्या घरातून ओढून काढता येते, आणि मागे शंख धड राहतो. माझ्या मते दोघांत मोठा शिकारी हाच.

अशी विषं म्हणजे शेकडो वेगवेगळ्या रेणूंचं मिश्रण. याच कुळातल्या कोनस मॅगसच्या विषातल्या एका रेणूवरून झिकोनोटाइड हे औषध तयार झालं. २००४ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र वेदनांसाठी ते थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात.