ब्रुजचं फ्रीटम्युझियम: आईबरोबर एक दुपार

बेल्जियममधल्या ब्रुजमध्ये फ्रीटम्युझियमला, म्हणजे फ्रेंच फ्राईजच्या संग्रहालयाला, जाताना वाटेतल्या फ्राईजच्या एका टपरीवर रांगेत उभे होतो. माझा नंबर आला तेव्हा आईने मागून विचारायला लावलं, "तेल कुठलं?" उत्तर मिळालं, गाईची चरबी. आई शाकाहारी. आम्ही तसेच बाजूला झालो.

म्हणून सर्वांत आधी हेच सांगतो. बेल्जियमची पारंपरिक फ्रीट, म्हणजे आपण ज्यांना फ्रेंच फ्राईज म्हणतो त्या, गाईच्या चरबीत तळतात. शाकाहारी असाल तर प्रत्येक ठिकाणी विचारा, अगदी संग्रहालयातही. वनस्पती तेल वापरणारेही आहेत, पण त्याच कढईत सॉसेज तळतात का, हेही विचारून घ्या.

ब्रसेल्सहून ट्रेनने ब्रुज साधारण तासाभरावर. स्टेशनपासून मुख्य बाजारचौकापर्यंत वीसेक मिनिटं चालावं लागतं, तिथून फ्लामिंगस्ट्राटवर चार-पाच मिनिटांत फ्रीटम्युझियम येतं. रस्ते दगडी आहेत, वडीलधाऱ्यांना चांगले बूट घालायला लावा. संग्रहालयाची इमारत १३९९ सालची, जिनोआच्या व्यापाऱ्यांची. २००८ पासून तिच्यात बटाटा नांदतोय.

तळमजल्यावर बटाट्याची कुळकथा, सुरुवात पेरूपासून. तिथल्या डोंगरांत लोक बटाटे रात्रीच्या कडाक्यात गोठवतात, दिवसा उन्हात टाकतात, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि वाळवून वर्षानुवर्षं ठेवतात. हे सांगितलं तशी आई म्हणाली, "अगं बाई, म्हणजे वाळवणच की!" गच्चीवर बटाट्याचा कीस आणि पापड घालण्यात तिचे कितीतरी उन्हाळे गेलेत. आपला 'बटाटा' हा शब्दही पोर्तुगीजांबरोबर आला, हे तिथेच तिला सांगितलं.

वरच्या मजल्यावर खुद्द फ्रीट: जुनी कापणयंत्रं, तळणयंत्रं. बेल्जियममधली मउझ नदी गोठली, मासे मिळेनात, म्हणून लोकांनी बटाटे माशांसारखे कापून तळले, अशी एक कथा सांगतात. ती १६८० च्या सुमाराची म्हणतात, पण बटाटा त्या भागात बऱ्याच नंतर पोचला, म्हणून इतिहासकार ती मानत नाहीत. मला मात्र तळण्याची रीत महत्त्वाची वाटली. बिंटये जातीचा बटाटा, जाड काप, आधी १५० अंशांच्या आसपास आतून शिजेपर्यंत तळायचे, काढून गार होऊ द्यायचे, मग १८० ला पुन्हा. पहिल्या तळणीत आतला भाग मऊ होतो, दुसरीत कवच कुरकुरीत होतं. मधली गार होण्याची वेळ चुकवली की काप नरम पडतात.

सगळं पाहायला तास-सव्वा तास पुरतो. तळघरात, जुन्या कमानींखाली, फ्रीट खायला मिळतात, म्हणून जेवून जाऊ नका.

परत आल्यावर आईने शेंगदाणा तेलात दोनदा तळून पाहिलं. नव्या बटाट्याचे काप लवकर काळपट झाले, जुन्या बटाट्याचेही थोडे गोड लागले. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून पुढच्या वेळी फ्रीजमधले बटाटे वापरायचे नाहीत, असं ठरलंय.