सेल्फ जोरात फिरतोय पण गाडी स्टार्ट होत नाही : माझा अनुभव

मागच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन पुण्याहून वाईला निघालो होतो, शिरवळला चहासाठी दहा मिनिटं थांबलो आणि परत येऊन चावी फिरवली तर इंजिन नुसतं फिरतंय, पकडतच नाही. बाबा म्हणाले, "अरे, बॅटरी उतरली असेल." पण सेल्फ एकदम दणक्यात फिरत होता, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही ठीक. इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी होऊ नये म्हणून इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, लाइटही नेहमीसारखा विझला, म्हणजे तीही आडवी येत नव्हती.

जवळचा एक मेकॅनिक आला, त्याने स्पार्क प्लग काढला तर कोरडा ठणठणीत. लगेच म्हणाला, "पेट्रोल येत नाही साहेब, पंप गेला." मला काही पटेना, कारण चावी ऑन केली की मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद घूंऽऽ आवाज व्यवस्थित येत होता. तेवढ्यात मीटरकडे लक्ष गेलं, सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरच चिकटलेला! एरवी माझ्या गाडीत तो दोन-अडीचशेपर्यंत उचलतो.

इथेच सगळं आलं बघा. इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, क्रँक सेन्सर सांगतो, तो सिग्नलच नसेल तर ईसीयू पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही उघडत नाही आणि स्पार्कही देत नाही, मग पंप कितीही चांगला असू दे, प्लग कोरडाच राहणार. नुसत्या कोरड्या प्लगवरून हजारोंचा पंप बदलू नका, कळकळीने सांगतोय.

पाऊण तासाने इंजिन गार झालं आणि गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. वाई राहिलं, तसेच माघारी आलो. घरी गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर कोड पी ०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. आता कोड आला म्हणजे सेन्सरच गेलाय असं नसतं, वायर तुटलेली किंवा कनेक्टर सैल असला तरी तोच कोड येतो, म्हणून आधी ते तपासलं. मग सेन्सर काढला, दोन वायरवाला आहे, मल्टिमीटर लावला तर ८६० ओहम. बायकोचा हेअर ड्रायर आणून त्यावर गरम हवा मारत बसलो, चार-पाच मिनिटांत आकडा उड्या मारायला लागला आणि मग मीटरवर डावीकडे फक्त १, म्हणजे आतलं सर्किट तुटलं. गार झाल्यावर परत ८६०!

नवीन सेन्सर बसवला, पुढच्याच रविवारी परत वाई. शिरवळला मुद्दाम थांबलो, आणि बाबांनी चहा यायच्या आधीच मला चावी फिरवून बघायला लावली.