चार विकलांची चूक

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, 2019 मध्ये, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर आम्हाला टायकोच्या अधिनवताऱ्यासाठी, म्हणजे स्फोट होऊन गेलेल्या एका ताऱ्याच्या अवशेषासाठी, एक रात्र मिळाली. 1572 साली शर्मिष्ठा तारकासमूहात फुटलेला हा तारा तेव्हा काही दिवस भर उन्हातही दिसत होता. आज त्या जागी दृश्य प्रकाशात जवळपास काहीच नाही. मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं तर कडेला हायड्रोजनचे पुसट धागे तेवढे दिसतात. रेडिओत आणि क्ष-किरणांत मात्र चांगला टपोरा गोळा आहे.

त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. फोन बंद, बाहेर बिबट्याची धास्ती, आणि 45 मीटर व्यासाच्या अँटेना मुकाट्याने वळताहेत. खरा घाम फुटला तो काही महिन्यांनी, पुण्यात.

वीजवाहिन्यांची आणि कुठकुठली खरखर काढून रेडिओ चित्र तयार केलं होतं. ते ‘चंद्रा’ दुर्बिणीने 2003 साली घेतलेल्या क्ष-किरण चित्रावर ठेवलं. गोळ्याची कड क्ष-किरणांत बारीक दोऱ्यासारखी दिसते. स्फोटाच्या धक्क्याने पळत सुटलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात, त्यातून हा उजेड येतो. त्यांचेच कमी ऊर्जेचे भाऊबंद रेडिओ लहरी देतात. म्हणजे दोन्ही कडा एकमेकींवर बसायला हव्या होत्या. माझी कड पश्चिमेला चार विकला बाहेर! (अंशाचे 3,600 भाग केले की एक विकला.)

कॅलिब्रेशन (दुर्बिणीच्या मोजमापांची जुळवणी) चुकलं, दुसरं काय. दुपारपर्यंत तीनदा करून पाहिलं. चार विकला तशाच. माझ्या मार्गदर्शकांना ‘सर, सगळं पुन्हा करावं लागेल’ अशी मेल लिहून ठेवली, पाठवायचा धीर होईना. शेवटी लॅपटॉप उचलून त्यांच्या खोलीत गेले.

“पूर्वेची कड कुठे सरकलीय?” त्यांनी विचारलं.

ती मी पाहिलीच नव्हती. ती पूर्वेला सरकली होती. उत्तरेची उत्तरेला.

“चूक सगळ्यांना एकाच दिशेला ढकलते. ही तर चहूबाजूंनी बाहेर चाललीय.”

“मग पिक्सेलचं माप चुकलं असेल, सर.”

“आजूबाजूच्या दीर्घिका बघ की.”

मागच्या, फार लांबच्या त्या ठिपक्यांसारख्या दीर्घिका दोन्ही चित्रांत अगदी जागच्या जागी होत्या. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. दोन चित्रांत 16 वर्षांचं अंतर! धक्क्याची लाट सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने पसरतेय. आठ-दहा हजार प्रकाशवर्षांवरून पाहताना त्याची वर्षाला पाव विकलेच्या आसपास सरक होते. गुणाकार तोंडी झाला आणि मी ओशाळून हसले. सकाळपासून मी ताऱ्याच्या स्फोटाला कॅलिब्रेशनने दाबायला बघत होते.

सर हसले नाहीत. “पूर्वेला सरक कमी दिसतेय. का?”

तिकडे वायू दाट आहे, लाट तिथे अडते, हे वाचलेलं होतं. पण माझ्या आकड्यांत ते दिसतंय की मला हवं म्हणून दिसतंय, हे कडेचा एकेक तुकडा मोजल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. मेल पुसून टाकली आणि उत्तरेकडून मोजायला घेतलं.