हाताचं नंतर

तिच्या परवानगीनेच लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

गणपतीला महिना होता. दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ती आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, ‘मॅडम, तो खाली उभा आहे. आज तुम्हीच सांगून टाका त्याला.’

सांगायचं होतं ते २९ सप्टेंबर २०१७चं. दसऱ्याचा आदला दिवस, सकाळची गर्दी, वर पाऊस. परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांच्या मधल्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. कुणीतरी ‘फूल गिर गया’ म्हणालं, लोकांना ‘पूल’ ऐकू आलं, असं तेव्हा पेपरात आलं होतं. ती त्या जिन्यात होती. बरगड्यांना मुका मार, बस्स. पुढच्या वर्षी स्टेशनचं प्रभादेवी झालं. ती अजून एल्फिन्स्टनच म्हणते.

आणि मुलगा नेमका लालबागचा, त्यात मंडळाचा कार्यकर्ता! म्हणजे लग्नानंतर दहा दिवस गर्दी थेट दारात. दोन वर्षं ती त्याला ‘मला गर्दी नाही आवडत’ एवढंच सांगत आली होती. त्याच्या आईने अर्थ लावला, मुलीला चाळ कमीपणाची वाटते.

मी नाही म्हटलं. गोपनीयतेचा कायदा आहेच, पण खरं कारण वेगळं. माझ्या तोंडून ऐकलं असतं, तर खाली उभा असलेला माणूस पेशंटला न्यायला आल्यासारखा तिला घेऊन गेला असता.

शिवाय एक चूक मी आधीच केली होती. ‘एकदा सांगून मोकळी हो,’ असं तिला म्हणून बसले होते. तिने सरावासाठी सगळं लिहून काढलं आणि तीन रात्री जागून काढल्या. ‘मोकळी हो’ हे मी आता कुणालाच म्हणत नाही.

‘सगळं राहू दे. त्याला काय कळायला हवं, तेवढंच लिही.’

तिने लिहिलं: मी त्या जिन्यात होते. गर्दीत माझा श्वास अडकतो. तेव्हा मला ओढू नकोस. ‘काही होत नाही’ म्हणू नकोस. कडेला उभी राहू दे.

मग बराच वेळ थांबून: एका बाईने माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला.

‘हे नाही सांगितलं तर फसवणूक होईल ना?’

‘गर्दीत तुला सांभाळायला त्याला हे लागणार आहे का?’

तिने शेवटची ओळ फाडून पर्समध्ये ठेवली.

‘आणि तो खाली उभा आहे म्हणून आजच नको,’ मी म्हटलं. ‘सांगून घरी गेल्यावर झोप लागेल असं वाटेल, त्या दिवशी.’

‘निवांत जागा मिळेल त्या दिवशी म्हणा,’ ती हसली. मुंबईत दोघांना बोलायला जागा मिळणं, हा प्रश्न माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समधल्या बाकावर तिने सांगितलं. तो आधी चिडला: ‘दोन वर्षं काय केलंस?’ मग दोन दिवस फोन नाही. ते दोन दिवस मीही फारशी झोपले नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. मंडपात अजून काम चालू होतं, मूर्तीला पडदे होते, दुपारी चार माणसं असायची. तेव्हा येतेस का, म्हणून.

ती गेली. पुढच्या वेळी आली, तेव्हा हाताबद्दल मी काही विचारलं नाही. तिनेच पर्सवर हात ठेवून मान हलवली: नाही अजून.