छेर आणि खटका

जुन्या तबकड्यांवरचा आवाज संगणकात उतरवून घ्यायचं माझं काम. त्या दिवशी टेबलावर आलेली गाण्याची तबकडी १० इंची, लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची होती. फाळणीनंतर सिंधमधल्या सक्खरहून कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, ती कपड्यांच्या घडीत गुंडाळून आली होती. कडेपासून लेबलापर्यंत केसाएवढा तडा गेलेला आणि लेबलाचा नेमका गायकाच्या नावाचा कपचा उडालेला. सोबत आलेले ऐंशीपुढचे दादा म्हणाले, “ही भगत कंवररामसाहेबांची. वडील रोज लावायचे.”

कंवरराम म्हणजे सिंधी ‘भगत’ परंपरेचं शिखर. जन्म १८८५, सक्खर जिल्हा; गुरू रहडकीचे सतरामदास. अंगात पायघोळ जामा, डोक्यावर पगडी, पायांत छेर म्हणजे घुंगरू बांधून ते रात्रभर गात, नाचत, कथा सांगत. झोळीत जमलेला पैसा गरजूंना वाटून टाकत. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्टेशनवर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. असा आवाज घरात आहे असं कुणी म्हणालं, की हात जपूनच चालतात.

आधी धुणं. लाखेला स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोनच थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने आणि लेबल कोरडं. एलपीची, म्हणजे नंतरच्या बारीक खाचांच्या तबकडीची, ०.७ मिलची सुई इथे चालत नाही (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ती रुंद खाचेच्या तळाशी भरकटते आणि नुसती खरखर ऐकू येते. ३ मिलची सुई लावली, दाब ४ ग्रॅम. आवाज फाटत होता. जुन्या पोलादी सुयांनी खाचेची भिंत ठरावीक उंचीवर झिजवलेली असते, म्हणून ३.५ मिलची लावली. ती भिंतीच्या वरच्या, न झिजलेल्या भागावर टेकली आणि गळा मोकळा झाला. तड्याची एक कड किंचित वर होती. दुसऱ्या बाजूखाली पातळ पुठ्ठा सरकवला, म्हणजे सुई पायरी चढण्याऐवजी उतरते आणि उडत नाही. ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन्ही भिंतींवर तोच आवाज, असलं तरी दोन्ही भिंती वेगवेगळ्या घेतल्या, कारण बहुधा एक कमी खराब असते.

खरी चूक त्यानंतर झाली. खटके, म्हणजे तड्या-ओरखड्यांचे टकटक आवाज, काढणारं सॉफ्टवेअर चालवलं आणि गाणं एकदम निर्जीव झालं. मूळ फाइल पुन्हा ऐकली, तर ढोलकसोबत छेर वाजत होती. तिचा छोटा, टोकदार आवाज यंत्राला खटका वाटला होता. वेगळं करायची खूण सापडली: तड्याचा खटका प्रत्येक फेरीला, दर ०.७७ सेकंदाला येतो. छेर तालावर पडते. मग स्वयंचलित काम बंद केलं आणि तड्याचे खटके एकेक करून हातानं काढले. तीन मिनिटांच्या बाजूला दोनशेच्या वर! संध्याकाळ तिथेच गेली, पण छेर वाचली.

गायक कोण, हे मात्र छेरेवरून ठरत नाही. भगत पुष्कळ होते. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला ध्वनिमुद्रणाचा क्रमांक तिरप्या उजेडात पाहिला. तड्यानं त्यातले दोन अंक खाल्लेले. उरलेल्या अंकांवर नाव लावणं मला पटलं नाही. असं लावलेलं नाव पुढे पुरावा म्हणून फिरतं, आणि ज्याचा गळा खरोखर होता तो कायमचा पुसला जातो.

दादांनी हेडफोन लावून पूर्ण बाजू ऐकली, डोळे मिटून, बोटांनी ठेका धरत. फाइलच्या नोंदीत मी लिहिलं: ‘भगत, सिंध. कुटुंबाच्या आठवणीनुसार कंवरराम. लेबलावरून खात्री नाही.’ त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच सांगितलं, “‘वडील रोज लावायचे’ हेही लिही, बेटा.” तेही लिहिलं.