बोरीची राख

ओझरला विघ्नहराचं दर्शन झालं. संकष्टीची रांग, पार्किंगवाल्यांची अरेरावी, त्यावर लिहिण्यात अर्थ नाही. मला जायचं होतं त्याच कुकडीच्या काठाने पुढे, बोरी बुद्रुकला. "राख बघायला?" मेहुण्यांनी दोनदा विचारलं.

उसाच्या बांधावरून नदीत उतरलो. तिथल्या मावशी म्हणाल्या, "ती पांढरी माती व्हय? तिकडं खाली." खाली नदीने काठ उभा कापलाय. पिवळसर गाळात राखाडी-पांढरा पट्टा. बोटांवर चोळला तर पावडरीहून मऊ, पण उन्हात बारीक चकाकते. ही ज्वालामुखीची राख, म्हणजे वितळलेल्या खडकाची बारीक काच. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचा तोबा ज्वालामुखी इथून तीन हजारांहून जास्त किलोमीटर लांब, तिथून वाऱ्याने आलेली.

मी अडकलो तो पट्ट्याच्या दोन कडांपाशी. खालची कड स्वच्छ, रेघ मारावी तशी. वरची मात्र मळकट, हळूहळू पिवळ्यात विरत गेलेली. म्हणजे आधी राख पडली. मग पावसाने डोंगरउतारावरची राख मातीसकट धुऊन पात्रात आणून टाकली. पट्टा जाड आहे म्हणून आकाशातून तेवढी राख पडली असं नव्हे, निम्मं काम नदीचं. तेव्हा कुकडी गाळ भरत होती, आज तोच गाळ कापतेय, म्हणून तर हे दिसतं.

आणि नदीच्या याच कालवाकालवीमुळे वयाचा घोळ. पहिल्या मोजणीत राख सुमारे 14 लाख वर्षांची निघाली. पुढे काचेच्या रसायनावरून काहींनी तोबाचा 74 हजार वर्षांपूर्वीचा महास्फोट ठरवला, तर काहींनी सात लाखांच्या आसपासचा जुना. जुने कण मिसळले असतील तर मोजणी फसते. इथेच दगडी हातकुऱ्हाडी सापडल्यात, त्यांचं वयही याच राखेवर टांगलेलं. एवढा फरक पडत असताना लोक एकमेकांशी भांडणारच, मला त्यात काही गैर वाटत नाही.

मेहुणे ऐकून म्हणाले, "आमच्या सातबाऱ्यातही इतक्या दुरुस्त्या नाहीत."

वर एका शेतात ट्रॅक्टरने काठ सपाट करणं चालू होतं. शेतकऱ्याला दोष देववत नाही, जमीन त्याची आहे. पण ज्यांना हा छेद बघायचाय त्यांनी फार वाट बघू नये. आणि दुपारी बारा वाजता तर मुळीच उतरू नये. सावलीला एक बाभूळ आहे, तिच्याखाली शेळ्या.